मधल्या अंगाचं कुंकू

आदिनाथ साहेबांनी आधी रुमालानं पुसून पाहिलं. मग कुणी बघत नाही असं समजून रुमालाला थुंकी लावून पुसलं. सगळेच बघत होते. मग ते खिडकीच्या मागं गेले आणि तिकडून पुसलं. ठिपका होता तिथंच राहिला. लाल, बोटाच्या पेराएवढा, कोपऱ्यापासून हातभर वर.

"हे आतून आहे," साहेब म्हणाले.

सोपान सुपरवायझर मघापासून हेच सांगत होता. पण साहेबाला एखादी गोष्ट पटायची तर ती साहेबाच्याच तोंडून निघावी लागते, त्याला इलाज नाही.

काचेला दोन बाजू असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इंदुरीच्या पुढं असलेल्या या कारखान्यात ज्या खिडक्या बनतात, त्यांना चार असतात. दोन काचा, मध्ये बोटभर पोकळी, कडेनं ओल शोषणाऱ्या दाण्यांची पट्टी. प्रेसमध्ये दाबून ती जोडी बंद करायची. मग ती मोल्डिंगला जाते. तिथं साच्यात ठेवून कडेनं गरम काळा माल सोडतात आणि चौकट काचेभोवतीच ओततात. त्यानंतर ब्रह्मदेव खाली उतरला तरी ती खिडकी उघडत नाही, फोडावीच लागते. लोणावळ्याचा पाऊस आणि धुकं आत येऊ नये म्हणून हॉटेलवाले असल्या खिडक्या घेतात. एकदा आत राहिलेलं बाहेर निघत नाही, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

ही खिडकी कुसगावच्या एका नव्या हॉटेलातून परत आली होती. दरीकडच्या भिंतीत बसवून झाल्यावर फिटरनं काचेवरची फिल्म सोलली आणि मालकीणबाईंना समोरच्या डोंगराच्या मधोमध तो लाल ठिपका दिसला. त्यांना आधी वाटलं रक्त आहे. रक्त नाही, पूजेचं कुंकू आहे, असं फिटरनं समजावल्यावर त्या जास्तच भडकल्या. माझ्या खिडकीत कुणाची पूजा, म्हणाल्या. ज्यानं हे केलं त्याला आधी कामावरून काढा, मगच पुढचा माल घेऊ. कारखान्याच्या वरच्या मंडळींनी तोच निरोप साहेबांना दिला होता, आणि साहेबांनी आता तो सगळ्यांना दिला. संध्याकाळच्या आत त्यांना नाव हवं होतं.

कुंकू कधीचं ते विचारायला नकोच होतं. खंडेनवमीचं. आणि काचेच्या मधल्या अंगाला हात लागू शकेल अशा बायका लाइनवर दोनच. धुऊन आलेली काच दिव्यासमोर तपासून प्रेसचं पेडल दाबते ती निर्मला, आणि तिच्या शेजारी उभी राहून पट्टी बसवते ती अनिता. साहेबांनी अनिताकडं पाहिलं. सोपाननं अनिताकडं पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. निर्मलाकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

अनिता रडायला लागली. वर्षसहा महिन्यांची नोकरी, नवरा कंपनी बंद पडल्यापासून घरी, त्यात हे. "मी लावलतं मशीनला," ती म्हणाली, "पण मग हात धुतलावता का न्हाई, आठवंना मला." झालं. साहेबांना नाव मिळालं. सुट्टी होताना गेटपास जमा करा, म्हणाले, आणि केबिनमध्ये गेले.

निर्मला तिथंच उभी राहिली. तो ठिपका कुणाचा आहे हे तिला पाहताक्षणीच कळलं होतं. तिचाच होता.

खंडेनवमीला हत्यार पुजलं की त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही, ही मावळातली जुनी रीत. विळा असो, नांगर असो नाहीतर परदेशातून आलेलं प्रेस मशीन असो, दसऱ्यापर्यंत ते देवाचं. कारखान्यातही इतकी वर्षं हेच चालत आलं होतं. सकाळी मशीन पुसायची, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, आणि दुपारी घरी. यंदा साहेबांनी पेढा तोंडात असतानाच जाहीर केलं की कुसगावची ऑर्डर अडली आहे, जेवणं झाली की लाइन सुरू करा. सोपान चाचरत म्हणाला की पुजलेल्या मशीनवर काम करत नाहीत. देवाला मी सांगतो, साहेब म्हणाले. काय सांगितलं ते देवालाच माहीत. आता मूळ चूक कुणाची हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण साहेबाच्या हातून होते तिला चूक म्हणत नाहीत, निर्णय म्हणतात.

त्या सकाळी आणखी एक गोष्ट घडली होती. ती कुणाच्या खिजगणतीतही नव्हती.

हळदीकुंकवाचं ताट लीलाबाईकडं असायचं. लीलाबाई कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई, मोठ्या शेतकऱ्याच्या घरची, तिचा शब्द बायकांमध्ये कायदा. ती एकेका मशीनला स्वतः लावायची, मग त्या मशीनवरच्या बाईपुढं ताट धरायची, आणि ती बाई आपल्या मशीनला आपल्या बोटानं लावायची. अनितानं लावलं. ताट निर्मलासमोर आलं आणि न थांबता पुढं गेलं. लीलाबाई मनानं वाईट नव्हती, म्हणून तर तिनं आवाज खाली आणून निर्मलाला सांगितलं की तोरणाची पानं पडलीत तिकडं, तेवढी उचल जा. पानं कुठंही पडलेली नव्हती.

नवरा, बहिरू, जुन्या हायवेवर गाडीखाली गेला तेव्हापासून दर खंडेनवमीला हेच. एका वर्षी पानं उचलायची, एका वर्षी पाणी आणायचं, एका वर्षी गेटवर कुणी आलंय का बघायचं. निर्मला बेडशाच्या वरच्या अंगाच्या वाडीतली. त्या वाडीत विधवेचं एवढं कडक कुणी पाळत नाही. बाईचा पाट लागतो, संसार पुढं चालतो. तिच्या आईनं, भागूबाईनं, बहिरूच्या तेराव्यालाच सांगितलं होतं की पोरी, टिकली लाव, उन्हातान्हात कपाळ रिकामं बरं दिसत नाही. निर्मलानंच लावली नाही, सवय मोडली म्हणून. पण कारखान्यात वाडीला कोण विचारतो? गंमत म्हणजे लीलाबाईच्या गावानं विधवांच्या या सगळ्या प्रथा बंद केल्याचा ठराव केला होता, आणि त्याच्या फोटोत फलक धरून पुढं लीलाबाईच उभी होती. ठराव गावाचा होता. कारखान्याला तो लागू नव्हता.

निर्मलाला स्वतःच्या कपाळाचं काही वाटत नव्हतं. तिला राग होता तो मशीनवरून. त्या प्रेसवर तिची सारी नोकरी गेली होती. ते नवीन आलं तेव्हा पेडल दाबायला माणसं घाबरायची, तेव्हापासून ती तिथं. त्याचा आवाज जरा बदलला की सगळ्यांच्या आधी तिला कळे. आणि वर्षातून एकदा त्याची पूजा होणार, तर सगळ्यांनी करायची, हिनं तेवढी करायची नाही. हे कुठलं शास्त्र? रोज राबायला माझा हात चालतो आणि कुंकू लावायला चालत नाही? तिला त्या दिवशी रडू आलं ते दुःखानं नव्हे, संतापानं.

सगळे जेवायला गेले तशी ती दत्ताच्या फोटोखालच्या फळीकडं गेली, करंड्यात बोट बुडवलं आणि प्रेसला, आपल्या बाजूला, लीलाबाईच्या ठिपक्याशेजारी एक ठिपका लावला. नमस्कार केला. तेवढ्यात घंटा झाली, लाइन सुरू झाली. रोलरवरून आलेली पहिलीच काच घाईत नीट टेकली नव्हती, ती डुलली, आणि निर्मलानं ती सावरायला हात पुढं केला. हातमोजा अजून घालायचा होता. दिव्याच्या पट्टीवर पोरांनी झेंडूची माळ सोडलेली, तिची सावली काचेवर, डोळे भरलेले. तिनं पेडल दाबलं.

आता ती सोपानकडं गेली. पोटात ठेवायचा प्रश्नच नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे तिच्यानं बघवणार नव्हतं. तिनं सरळ सांगितलं की तो हात माझा आहे, अनिताचा नाही.

सोपाननं इकडंतिकडं पाहिलं. "ताई, पोरीची कड घेताय त्ये कळतंय मला. पन हात दाखवून अवलक्षण कशाला करता? आन् कुंकू लावायला तुमी..." तो तिथंच थांबला.

"कुंकू लावायला मी काय?"

"काय न्हाई. जा, काचा आल्यात."

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांनी तिला खुर्ची दिली, ही पहिलीच वेळ. पाणी मागवलं. तिनं सगळं सांगितलं, करंडा, काच, हातमोजा, सगळं. साहेबांनी मान हलवत ऐकलं आणि म्हणाले की सहकाऱ्यासाठी एवढं करणारी माणसं आजकाल मिळत नाहीत, मला तुमच्याबद्दल आदर आहे, पण असं भावनेच्या भरात चालत नाही. त्यांनी चौकशी केली होती. तुम्ही पूजेत भाग घेत नाही असं बायकांनीच त्यांना सांगितलं होतं. वर असंही म्हणाले की मी स्वतः असलं काही मानत नाही, आमच्या घरात कधीच नव्हतं, पण वस्तुस्थिती ती वस्तुस्थिती.

"सायेब, वस्तुस्थिती तर मी सांगतीया."

साहेबांचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला आणि दुसऱ्या हातानं तिला नमस्कारासारखं काहीतरी केलं, म्हणजे आता जा.

ती बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. माणूस गुन्हा करतो आणि नाकारतो, हे तिनं ऐकलं होतं. गुन्हा कबूल करणाऱ्याला लोक हात जोडून परत पाठवतात, हे तिला नवीन होतं. आणि पाठवतात ते का, तर तिच्याकडून असं काही होऊच शकत नाही म्हणून. चांगुलपणाचा असा राग तिला जन्मात आला नव्हता. एखाद्यानं शिवी दिली असती तर उलटी देता आली असती. आदराला काय उलटं देणार?

जेवणाच्या सुट्टीत तिनं लीलाबाईला गाठलं. बाकीच्या बायका अनिताभोवती होत्या, तिला देवाधर्माच्या आणि दुसऱ्या कंपन्यांच्या गोष्टी सांगत होत्या. लीलाबाई कोपऱ्यातल्या टेबलावर एकटीच भाकरी खात होती. निर्मला समोर बसली.

"मावशी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझं मशीन तुमी पुसलंत. माझ्या बाजूला ठिपके किती व्हते?"

लीलाबाईनं घास खाली ठेवला. "दोन," ती म्हणाली. "मी एकच लावलता."

म्हणजे तिला माहीत होतं. सकाळपासून, त्याच्याही आधीपासून, या बाईला सगळं माहीत होतं, आणि ती अनिताच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती. निर्मलाला टेबल उलटं करावंसं वाटलं. ती कशीबशी म्हणाली की मग साहेबांना सांगा.

"वेडी का काय तू? तुझी लाज झाकलीया मी. कुनी बघायच्या आत पुसून टाकला. लोकास्नी कळलं तर काय म्हनतील तुला?"

"काय म्हनतील?"

लीलाबाई म्हणाली, पोरगी तरणी आहे, तिला दुसरीकडं काम मिळेल. बाईमाणसाचं नाव एकदा गेलं की परत मिळत नाही.

"माझं नाव तुमच्या ताटातनं कवाच गेलंय, मावशी," निर्मला म्हणाली. "त्या मशीनला मी लावलं, एवढं एक खरं माझं हाय. त्ये तरी माझ्या नावावर ऱ्हाऊ द्या."

लीलाबाईनं उरलेली भाकरी तशीच फडक्यात बांधली आणि हात धुवायला गेली.

दुपार कशी गेली ते निर्मलाला कळलं नाही. काचा येत होत्या, ती दिव्यासमोर बघत होती, पेडल दाबत होती. शेजारी अनिता पट्टी बसवत होती आणि मधूनमधून बाहीनं नाक पुसत होती. एकदा निर्मला तिला म्हणाली की तू घाबरू नको, तो ठिपका माझा आहे. अनितानं तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा रडू लागली. "ताई, तुमी लय चांगल्या हाव," म्हणाली. निर्मलानं दात आवळले. तीसुद्धा!

पाळी संपली. माणसं लाइनपाशी गोळा झाली, कारण साहेब बाहेर आले होते आणि ती परत आलेली खिडकी भिंतीला टेकून अजून तशीच उभी होती. साहेबांनी हात पुढं केला. अनिता गळ्यातला गेटपास काढू लागली. दोरी तिच्या केसांत अडकली.

निर्मला फळीकडं गेली. करंडा घेतला. ती परत आली तेव्हा तिच्या उजव्या हातात मोजा नव्हता. सगळ्यांसमोर, आदिनाथ साहेबांसमोर, सोपानसमोर, तिनं करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि प्रेसला आपल्या बाजूला ठिपका लावला. घाई नाही. रोज दिवा लावणारी बाई जसं लावते तसं. मग ती खिडकीपाशी गेली.

"असं लावलतं," ती म्हणाली. "आन् मग काच डुलली, तवा असा हात लावलता." तिनं बोट बाहेरून काचेवर टेकवलं. आतल्या ठिपक्याशेजारी दुसरा उठला.

मागच्या बाजूला कुणीतरी हळूच म्हणालं की अगं बाई. निर्मलानं मान वळवून लीलाबाईकडं पाहिलं. लीलाबाईनं पदर खांद्यावरून पुढं ओढला, घट्ट धरला. सगळ्यांना ऐकू जाईल असा तिचा आवाज कधी नव्हताच का, असं वाटण्याइतक्या बारीक आवाजात ती म्हणाली, "दोन व्हते. दुसरा मी पुसला, सायेब."

साहेब माणूस हुशार. दोनतीन पोरांच्या हातात मोबाइल वर आलेले त्यांनी पाहिले. विधवा बाईला कुंकू लावलं म्हणून कामावरून काढलं, ही बातमी पुण्यापर्यंत जायला किती वेळ लागतो हे त्यांना कळत होतं. अनिता, तुम्ही उद्यापासून नेहमीसारख्या या, म्हणाले. हॉटेलवाल्यांना आम्ही कळवू की संबंधित व्यक्तीला लाइनवरून हटवलं आहे. पुढच्या वर्षीपासून पूजा फक्त ऑफिसमध्ये होईल, खाली कुणी काही लावायचं नाही. यावर बायकांमध्ये कुजबुज झाली, आणि ती साहेबांवर नव्हती, निर्मलावर होती. एकीमुळं सगळ्यांची पूजा गेली!

"आणि निर्मलाताई, तुम्ही उद्यापासून पॅकिंगला."

पॅकिंग म्हणजे पलीकडची शेड. पुठ्ठ्याचे कोपरे लावायचे आणि चिकटपट्टी ओढायची. पगार तोच. साहेबांनी तसं लगेच सांगितलंही, पगारात काही फरक पडणार नाही.

"आन् माझं मशीन?" निर्मलानं विचारलं.

"मशीन कंपनीचं असतं, ताई," साहेब म्हणाले. त्यांनी ते वाईट तऱ्हेनं म्हटलं नाही, समजावून सांगितल्यासारखं म्हटलं, आणि केबिनकडं गेले.

माणसं पांगली. गेटवर गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. अनिता निर्मलाच्या जवळ आली. निर्मलानं तिला म्हटलं की जा, तुझी गाडी जाईल. ती गेली. जाताना दोनदा वळून बघून गेली.

निर्मलानं प्रेसचा खटका बंद केला. हवा सुटल्याचा लांब आवाज झाला आणि मशीन शांत झालं. तिनं दिव्याची पट्टी मालवली, रोलरवरून फडकं फिरवलं, काचेचा चुरा सुपलीत भरला. ही कामं आजच्या दिवशी केली नसती तरी तिला कुणी काही म्हणणार नव्हतं. मशीन झाकायचं जाड प्लास्टिक तिनं उलगडलं. ते मोठं होतं, एकटीला आवरत नसे, एरवी दुसरं टोक अनिता धरायची.

दुसरं टोक उचललं गेलं. लीलाबाई होती. तिची घरची गाडी गेटवर थांबलेली असणार, तरी ती आली होती. दोघींनी प्लास्टिक वर नेलं. निर्मलाच्या बाजूचा ताजा ठिपका समोर दिसत होता. लीलाबाईचा हात सवयीनं पदराकडं गेला, पदराचं टोक तिनं पुढंही केलं, आणि मग थांबून ते परत कमरेला खोचलं.

दोघींनी आच्छादन खाली ओढलं. निर्मलानं आपल्या बाजूच्या कडा नीट दुमडल्या, आणि पॅकिंगच्या माणसांची हजेरी सकाळी कुठं घेतात ते विचारायला ती ऑफिसकडं गेली.